नामकरणाचा निरोप

कामगंध सापळा म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यात कापूस लावणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. बोंडअळीच्या मादीचा वास लावलेली एक बारकी गोळी वर आणि खाली प्लॅस्टिकची पिशवी. नर पतंग वासाच्या नादानं येतो आणि पिशवीत पडतो. पण या गरीब वस्तूच्या इंग्रजी नावात पहिलाच शब्द 'सेक्स' आहे, आणि त्या एका शब्दापायी माझ्या कॉम्प्युटर रूममध्ये आठवडाभर रणकंदन चाललं होतं.

मी तेव्हा परभणीतल्या एका महाविद्यालयात शिकवत होते. दुसरं कुणी तयार होईना म्हणून कॉम्प्युटर रूमही माझ्याच गळ्यात पडली होती. पोरांचे कॉम्प्युटर थेट इंटरनेटला जोडलेले नव्हते. मध्ये एक मशीन होतं, त्याला प्रॉक्सी म्हणतात. पोरानं मागितलेलं पान ते त्याच्या वतीनं आणून देतं, पण आधी नियम तपासतं, आणि पान नियमात बसत नसेल तर सरळ तोंडावर दार लावतं. नियम लिहायचं काम माझं. प्राचार्यांनी नको ते शब्द चोरट्या आवाजात सांगितले, मी ते टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी पोरं ओरडत आली की बोंडअळीची सगळी पानं बंद झालीत.

मी सापळ्यांपुरती सूट दिली, तरी पानं उघडेनात. मशीन बसवून देणारा पोरगा फोनवर इंग्रजी फाडत राहिला. मी मात्र पडद्याकडं बघता बघता एकटीच हसायला लागले. नियम वरून खाली वाचले जात होते. जो पहिला लागू पडेल तिथंच फैसला, खालच्या नियमाला कुणी विचारत नाही. 'हा शब्द दिसला की अडवा' हा नियम वर होता आणि माझी सूट त्याच्या खाली. मी सूट उचलून वर ठेवली, पानं धडाधड उघडली. मशीनवाल्या पोरानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणाले, "आमच्या सासऱ्यांमुळं." बाई कामाच्या ताणानं बिघडली असं त्याला वाटलं असावं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मी लग्न होऊन त्या घरात गेले ती ऐंशीनंतरची पहिली वर्षं. गाव सोनपेठ आणि गंगाखेडच्या मधलं, गोदावरीपासून फार लांब नाही. मामांकडं शेती होती आणि गावचं पोस्टही होतं. पोस्ट म्हणजे आमच्या ओसरीतलं एक टेबल, एक कपाट, शिक्के, लाखेच्या कांड्या आणि भिंतीला लाकडी फळीवर ठेवलेला काळा टेलिफोन. अख्ख्या गावात तेवढा एकच. घंटी वाजली की गोठ्यातली गायसुद्धा कान टवकारायची. मामा हातातलं काम टाकून, टोपी घालून फोन उचलायचे. टोपी कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सरकारी काम हाय बाई, बोडक्यानं करतेत व्हय?"

बाहेरगावचं माणूस तिकडून ओरडायचं, मामा इकडून त्याहून मोठ्यानं ओरडायचे, आणि मग निरोप घेऊन स्वतः त्या घरी जायचे. गावाचं जगाशी जे काही बोलणं व्हायचं ते मामांच्या तोंडून. आणि मामा काही पाइप नव्हते, की इकडून ओतलं ते तिकडं पडलं. त्यांचे नियम होते. कुठं लिहिलेले नव्हते, पण घरात सगळ्यांना पाठ. कापसाचा भाव आला तर ओसरीतूनच ओरडून सांगायचा, सगळ्यांच्या कामाचा. कोर्टाची तारीख ज्याची त्यालाच, तीही बाजूला घेऊन. नांदत्या लेकीचं रडगाणं आलं तर ते फक्त आईला, बापाला नाही, कारण बाप कुऱ्हाड घेऊन निघतो. जावयानं काही मागितलं असेल तर निम्मंच सांगायचं. मयत असेल तर मयत म्हणायचंच नाही, "तब्येत लय जास्त हाय, लगेच निघा" एवढंच. ऐकणारालाही ते कळायचं, पण रस्ताभर तेवढी आशा राहायची. आणि कुणाच्या घरी लेकरू झालं तर चालत जायचं नाही, पळत जायचं. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस धोतर सावरत खरंच पळायचा, आणि मामा पळताना दिसले की बाया हातातलं तसंच टाकून विचारायच्या, "कुणाला झालं हो?"

मला ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं. आता माझ्या खिशात फोन आहे, त्याला टोपीची गरज नाही, आणि त्याच्यावर आलेल्या बातमीसाठी कुणी पळत नाही.

तर या सगळ्या नियमांच्या डोक्यावर एक नियम मागाहून येऊन बसला होता. ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून मराठवाडा दुभंगला होता. आधीच्या दंगलीत आमच्या भागातल्या तारा तोडल्या गेल्या होत्या, आणि तारा जोडल्यावर पोलीस मामांनाच घेऊन गेले. कुणी कुणाला फोन केला, काय निरोप आला, कुणी जमाव बोलावला, असं विचारत त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. कुणी बोटही लावलं नाही, पण मामा त्या दिवशी जे भ्याले ते भ्याले. तेव्हापासून नियम ठरला: नामांतर, मोर्चा, बंद, सभा यातला एक शब्द जरी कानावर पडला तरी फोन ठेवून द्यायचा. कुणाचा का असेना. मामा धड नामांतरवाले नव्हते की धड विरोधातले नव्हते, ते टेलिफोनवाले होते. माझा नवरा तेव्हा परभणीत नोकरीला होता, शनिवारी यायचा. तो हसण्यावारी न्यायचा. मला मात्र राग यायचा, कारण मोर्चे काढणारे कोण आणि ज्यांचे निरोप अडतात ते कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदोनदा बोललेही. मामा म्हणायचे, "तुला कॉलेजचं वारं लागलंय. बाकावर मी बसलो हुतो, तू न्हाई."

गावच्या शाळेत एक गुरुजी होते, बौद्धवाड्यात राहायचे. शिकवण्यात कडक, बोलण्यात स्वच्छ, आणि नामांतराच्या मोर्चात पहिल्या रांगेत. त्यांना एकच मुलगी. ती परभणीला नर्स झाली आणि तिथंच दुसऱ्या जातीतल्या एका मुलाशी तिनं परस्पर लग्न केलं. गुरुजी सभांतून जात मोडा म्हणून सांगायचे, त्यामुळं गावाला फार मजा आली. पण गुरुजींचं दुःख जातीचं नव्हतं. "मला विचारलं असतं तर मीच लावून दिलं असतं," असं ते म्हणायचे. तिनं विचारलं नाही, एवढं त्यांना लागलं. ते तिच्याशी बोलायचे बंद झाले, पत्रं न फोडता परत पाठवायचे. ती पत्रं मामांच्याच हातून परत जायची, त्यामुळं मला माहीत. गुरुजींची बायको नळावर भेटायची. लेकीचा विषय निघाला की ती पदर नीट करायची आणि उन्हाबद्दल बोलायची.

एका पौर्णिमेला सकाळी मी मामांना चहा दिला. मामा खुशीत होते. बशीत चहा ओतत म्हणाले, "परवा एक निरोप दाबला बघ. न्हाईतर आज गावात राडा झाला असता."

"कुणाचा?"

"गुरुजींच्या पोरीचा. परभणीहून फोन. बापासारखीच हाय ती बी. आता बायकांला बी मोर्चात घ्यायलेत."

ती पोरगी दोन वर्षांत गावात फिरकली नव्हती. ती मोर्च्याला बोलवील हे मला पटेना. मी विचारलं, "मामा, ती म्हणली काय? शब्द सांगा."

"म्हणली, 'आईला सांगा, पौर्णिमेला नामकरण हाय.' म्या तितंच खट्कन ठिवला."

"नामकरण म्हणली का नामांतर?"

"एकच की! इद्यापीठाचं नामकरण. पेपरात बी लिहितेत."

माझ्या हातातली किटली खाली ठेवावी लागली. आमच्या घरात लेकराचं नाव ठेवतात त्याला बारसं म्हणतात. नामकरण हा शब्द मामांच्या आयुष्यात पाळण्याजवळ कधी आलाच नव्हता. पण मी परभणीला शिकत असताना माझी एक बौद्ध मैत्रीण होती, तिच्या भावाच्या मुलीच्या नामकरणाला मी गेले होते. पौर्णिमा बघून ठेवतात, भंतेजी येतात, वंदना होते, मग नाव. मी त्या घरी पोटभर जेवून आले होते.

"मामा," मी म्हणाले, "तिला लेकरू झालंय. आज त्याचं नाव ठेवायलेत. तुमी बारशाचा निरोप दाबला."

मामा माझ्याकडं बघत राहिले. बशीतला चहा हळूहळू टेबलावर सांडत होता.

"बारसं म्हणायचं की मंग," ते म्हणाले.

"त्यांच्यात नामकरण म्हणतेत! तुमी पुढचं ऐकलं असतं तर कळलं असतं!" माझा आवाज चढला. सासऱ्यापुढं एवढ्या मोठ्यानं मी तोवर कधी बोलले नव्हते. "लेकराचा निरोप आला की तुमी पळत जाता ना? मग हे लेकरू न्हाई का?"

मला वाटलं होतं आता वीज पडणार. मामांना उलटं बोललेलं खपत नसे. पण त्यांनी बशी ठेवली, टोपी घातली, धोतराचा सोगा झटकला. पायऱ्या उतरताना म्हणाले, "तू बी चल. मला एकट्याला जमायचं न्हाई."

त्या दिवशी मामा पळाले नाहीत, पण मला त्यांच्या बरोबरीनं चालायला धाप लागली. आमच्या घरापासून बौद्धवाडा गावाच्या दुसऱ्या टोकाला. पारावरची माणसं बोलायची थांबली. पोस्टमास्तर सुनेला घेऊन त्या वाटेनं, हे गावानं पाहिलं नव्हतं. मामांनी कुणाचा रामरामही घेतला नाही.

गुरुजी शाळेत जायच्या तयारीत होते. बायको भाकरी बांधून देत होती. मामा दारातच उभे राहिले. गुरुजींनी खुर्ची पुढं केली, मामा बसले नाहीत. मग एका दमात बोलले, "गुरुजी, तुमच्या पोरीचा फोन आलता. तिला लेकरू झालंय. आज नामकरण हाय परभणीला. परवाच आलता फोन, माझ्याकडून ऱ्हायला सांगायचा."

गुरुजींच्या बायकोच्या हातातली भाकरी खाली पडली. तिनं तोंडाला पदर लावला. गुरुजी मात्र हलले नाहीत. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. त्या बाईची नजर त्यांच्यावर होती. ती एकटी जाणारी नव्हती. हे नाही म्हणाले की संपलं, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की मला तिकडं बघवेना.

"निरोप कुणाला होता?" गुरुजींनी विचारलं.

मामांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"पोस्टमास्तर, मी नीट विचारतोय. तिनं आईला बोलावलं, की मला?"

मला खरं माहीत होतं. 'आईला सांगा,' एवढंच ती म्हणाली होती, आणि त्यापुढचं मामांनी ऐकलंच नव्हतं. पुढं ती बाबांचं नाव घेणार होती की नव्हती, हे जगात कुणालाही कळायची सोय मामांनी ठेवली नव्हती. मी खाली बघत उभी राहिले.

"तुमालाच," मामा म्हणाले. "आदी तुमचंच नाव घेतलं. 'बाबांना सांगा' म्हणली, आन् मंग म्हणली, 'आईला बी घिऊन या'."

इतकं सफाईदार खोटं मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

गुरुजी खुर्चीत बसले. जी त्यांनी मामांसाठी ठेवली होती, त्याच खुर्चीत. मग बायकोला म्हणाले, "ती नवी साडी नेस. आणि बाळाला काय नेऊ? घरात काही नाही." बाई रडत रडत हसली आणि म्हणाली, हाय, सगळं हाय, म्या शिवून ठिवलंय. आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून तिनं झबली, टोपडी, दुपटं असं एकेक काढायला सुरुवात केली. लेकीला दिवस गेल्याचं तिला कुठून तरी कळलं होतं, आणि नवरा शाळेत गेला की ती शिवत बसायची. गुरुजी ते बघत राहिले.

आता प्रश्न एसटीचा होता. गंगाखेडची गाडी यायची वेळ झालेली, आणि ती चुकली तर पुढची दुपारी. मामा म्हणाले, "तुमी सावकाश आवरा. गाडी माझ्याशिवाय हालत न्हाई." आणि आम्ही दोघं परत निघालो. ते खरंच होतं. टपालाची थैली त्याच गाडीनं जायची. पोस्टमास्तर थैली देईपर्यंत कंडक्टरला थांबावं लागायचं.

गाडी आली, ओसरीसमोर उभी राहिली. मामांनी थैलीचं तोंड बांधलं, मेणबत्ती पेटवली आणि लाख तापवायला घेतली. थेंब पडला, मोहर उमटली. मामांनी ती डोळ्याजवळ नेऊन पाहिली, नाक मुरडलं आणि खरवडून काढली. परत लाख तापवली. कंडक्टर खाली उतरला. "मास्तर, काय लाडू वळायलेत का?" मामा म्हणाले, "मोहर नीट उमटली पायजे. सरकारी काम हाय." परत खरवडली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मेणबत्ती विझली, काडेपेटी सापडेना. काडेपेटी मामांच्या खिशात होती, मला दिसत होती. मी घरात जाऊन दुसरी काडेपेटी शोधायचं नाटक केलं आणि फडताळात डोकं घालून हसत राहिले.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी गुरुजी दिसले, पांढरा सदरा, हातात पिशवी. मागून त्यांची बायको नव्या साडीत जवळजवळ पळत. मामांनी एका फटक्यात थैली मोहरबंद केली आणि कंडक्टरच्या हातात दिली. गुरुजी पायरीवर चढताना थांबले आणि मामांना म्हणाले, "येतो." मामांनी मान हलवली.

गाडी गेल्यावर मामा बराच वेळ फोनसमोर बसून होते. मला वाटलं, आता तो नियम सुटला. सुटला नाही. त्यांनी फक्त क्रम बदलला: कुणी काहीही म्हणो, आधी पुरतं ऐकायचं, मग ठरवायचं. मोर्च्याचे निरोप त्यानंतरही ते अडवायचेच, आणि मी त्यावरून भांडायचेच. तो एक दिवस गोड झाला म्हणून त्यांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. किती घरचे निरोप त्या फळीवरच मेले असतील, कोण जाणे. ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांना ते आलेही होते हे कधी कळलं नसणार. मामा मला फार आवडायचे, आणि ही गोष्ट मला त्यांच्यात कधीच आवडली नाही.

गुरुजी परभणीहून चार दिवसांनी आले. त्यानंतर मुलगी सुट्टीत गावी यायला लागली. तिचं लेकरू, मुलगी झाली होती, गुरुजींच्या खांद्यावर बसून शाळेपर्यंत जायचं. माझी आणि तिची तोंडओळख होती, बोलणं फारसं झालं नाही. पुढं मी परभणीला नवऱ्याकडं गेले, शिकले, नोकरीला लागले. मामा गेले. काही वर्षांनी गुरुजीही गेल्याचं कानावर आलं.

कॉम्प्युटर रूमच्या त्या भानगडीनंतरच्या उन्हाळ्यात गुरुजींची मुलगी मला एका लग्नात भेटली. केस पांढरे झाले होते. आम्ही मंडपाच्या कडेला पंख्याखाली बसलो. गावाच्या गोष्टी झाल्या. मग तिनं एकाएकी विचारलं, "तो फोन तुमच्या मामांनीच घेतला होता ना?"

मी हो म्हणाले.

"मला एक कोडं सुटलेलं नाही. मी फक्त आईला बोलावलं होतं. 'एकटी ये, बाबांना कळू देऊ नको, ते आले तर मी दार उघडणार नाही,' असं म्हणाले होते मी. दोनदा म्हणाले. लाइन खरखरत होती म्हणून ओरडून म्हणाले. मग बाबा कसे आले?"

मामांनी केव्हाच ठेवून दिलेल्या फोनशी ती बोलत राहिली होती. मी तिला सगळं सांगितलं. शब्द, बाक, बशी, आणि दारात उभं राहून मामा काय म्हणाले तेही. ती ऐकत होती, हातातल्या अक्षता मुठीत घट्ट धरून.

"बाबा दारात आले," ती म्हणाली, "मी कडी काढून बघितलं तर ते समोर, आणि आई मागं. मी दार लावणार होते. तेवढ्यात ते म्हणाले, 'तू आधी माझं नाव घेतलंस, म्हणून आलो.' डोळे भरलेले. मला काही कळेना. मी कधी घेतलं यांचं नाव? पण ते उंबऱ्यापाशी उभे होते, माझ्या उत्तराची वाट बघत."

"मग?"

"मी म्हणाले, 'हो बाबा, तुमचंच घेतलं.' आणि बाळ त्यांच्या हातात दिलं. मरेपर्यंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरीनं आधी माझं नाव घेतलं." तिनं मूठ उघडली, अक्षता ओल्या झाल्या होत्या. "आणि खरं सांगू का, हो म्हणताना मला ते खोटं वाटलंच नाही."